दाद

मराठीत ‘दाद’ हा शब्द दोन ठिकाणी राबतो. गवई समेवर अचूक येऊन ठेपला म्हणजे बैठकीतून उठते ती दाद. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो न्यायासनापुढे उभा राहून जी मागतो, तीही दादच. फारसीत या शब्दाचा अर्थ न्याय असा आहे. गुणाचे चीज करणे हाही एक न्यायच असल्यामुळे तो शब्द कचेरीतून उठून मैफलीत जाऊन बसला असावा. एके ठिकाणी दाद देतात, दुसऱ्या ठिकाणी ती मागतात. वकिलीच्या व्यवसायात दाद मागणाऱ्यांशी माझी रोजच गाठ पडते. दाद देणाऱ्यांशी पडते ती महिन्यातून एकदा, आमच्याकडील काही हौशी छायाचित्रकार आपापली चित्रे घेऊन एकत्र जमतात तेव्हा. अशाच एका बैठकीत हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्यातून जो प्रश्न निघाला तो मला अजून पुरता सुटलेला नाही.

ही बैठक म्हणजे कोणतीही संस्था नव्हे. कोणी शिक्षक, कोणी औषधविक्रेता, कोणी संत्र्यांचा बागाईतदार. चहा होतो, चित्रे टेबलावर मांडली जातात आणि बोलणे सुरू होते. येथे कोणी कोणाचा गुरू नाही, त्यामुळे टीकेला बोचरेपणा नसतो. ‘क्षितिजरेषा जरा कलली आहे’, ‘डावीकडचा खांब कापा, नजर तिकडे पळते’, ‘माणसाच्या डोक्यातून झाड उगवल्यासारखे दिसते आहे, दोन पावले सरकला असता तर वाचले असते’, अशा सूचना हसतखेळत दिल्या-घेतल्या जातात. त्यातून खरोखर शिकायला मिळते. मारुतीचा शेंदूर कॅमेऱ्याला कसा फसवतो हे मी येथेच शिकलो. शेंदरात तांबडा रंग इतका प्रबळ असतो की कॅमेऱ्याची तांबड्या रंगाची धारणाशक्ती आधीच भरून वाहते, आणि मूर्तीवरचे सारे उंचसखलपण जाऊन एक सपाट केशरी डाग तेवढा उरतो. म्हणून अशा ठिकाणी उजेड मुद्दाम कमी घ्यावा. सावल्या थोड्या काळवंडल्या तरी चालतील, पण शेंदूर ‘जळू’ देऊ नये. समईच्या उजेडाचेही तसेच. तो इतका पिवळा असतो की कॅमेरा त्याला आपल्या बुद्धीने पांढरा करू पाहतो आणि देवळाचे इस्पितळ करून टाकतो. तेव्हा रंगाचा तोल यंत्रावर न सोपवता आपल्या हाती ठेवावा. हे सारे सांगणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. हौशी माणसांमधील हा निरपेक्ष देवघेवीचा व्यवहार मला आजच्या काळात फार मोलाचा वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो; कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते त्याच्याविरुद्ध लिहिल्यासारखे वाटण्याचा संभव आहे.

गोमंतकातील व कोकणातील वाचकांना आमच्या भागाची थोडी ओळख करून द्यावयास हवी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सौंसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुके मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सौंसरजवळच्या जामसांवली या गावी पिंपळाखाली मारुतीची मूर्ती आहे. मारुती आपण उभा पाहतो, उड्डाण करताना पाहतो, हात जोडून बसलेला पाहतो. येथे तो पहुडलेला आहे. मूर्तीच्या नाभीतून पाझरणारे पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात. मंगळवारी व शनिवारी तेथे मोठी गर्दी लोटते. या गर्दीत एक वर्ग निराळा असतो. ज्यांच्या मनाला काही झाले आहे, ज्यांना ‘बाहेरची बाधा’ आहे असे घरच्यांना वाटते, अशा माणसांना दूरदूरच्या खेड्यांतून येथे आणतात. आरतीच्या वेळी त्यांतल्या काही जणी केस मोकळे सोडून घुमू लागतात, कोणी फरशीवर लोळण घेतो, कोणी मोठ्याने रडतो. बाजूला आई किंवा भाऊ पदर अथवा हात धरून उभा असतो. मी श्रद्धेची चिकित्सा करावयास बसलेलो नाही. डॉक्टरकडे नेण्याचे सोडून येथे आणू नये, दोन्हीकडे न्यावे, एवढेच माझे मत आहे आणि ते मी विचारणाऱ्यास सांगतो.

आमच्या बैठकीत एकदा या अंगणातले एक चित्र आले. विशी-बाविशीची मुलगी, मान मागे टाकलेली, केस हवेत, डोळे अर्धे मिटलेले. पिंपळाच्या पानांतून आलेले कवडसे तिच्या कपाळावर आणि गळ्यावर पडलेले. चित्र उत्तम होते यात शंका नाही. काढणारे गृहस्थ वयाने वडील, स्वभावाने अत्यंत सज्जन. बैठक क्षणभर स्तब्ध झाली आणि मग दाद उठली. कवडशांची तारीफ झाली. एकाने म्हटले, ‘मागचा पाण्याचा पिंप तेवढा चौकटीबाहेर ठेवायला हवा होता.’ दुसऱ्याने सुचविले, ‘अर्धे पाऊल जवळ गेला असता तर चेहरा भरून आला असता.’ तिसऱ्याने स्पर्धेला पाठविण्याचा आग्रह धरला. सगळे बोलून झाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, ‘ही मुलगी आता कशी आहे हो?’

कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. काढणारे गृहस्थ किंचित ओशाळून म्हणाले, ‘सर, विचारत बसलो असतो तर चित्र राहिले असते का?’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि ते टाळून या प्रश्नाचा विचार करता येणार नाही. विचारले की माणूस सावरून बसतो. पदर नीट करतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो. जे टिपावयाचे ते निघून जाते. हौशी छायाचित्रकाराचे निम्मे वैभव न विचारण्यावर उभे आहे.

ही आजची गोष्ट नाही. आपल्या देशात हौशी छायाचित्रकारांची पहिली मंडळी जमली ती १८५४ साली, मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते आणि स्वतः नामांकित छायाचित्रकार होते. हे घराणे मूळचे पेडण्यातील मांद्रे गावचे, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांना अभिमानाची वाटेल. त्या काळच्या हौशी मंडळींच्या चित्रांचा एक संग्रह १८५६ पासून मुंबईत क्रमशः निघत असे. त्यात इमारती होत्या, देखावे होते, तशीच निरनिराळ्या जातींची व धंद्यांची माणसे होती. पुढे सरकारने ही हौस आपल्या कामाला लावली, आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदुस्थानातील माणसे जातवार मांडून चित्रांबरोबर त्यांच्या स्वभावाचेही वर्णन दिलेले आहे. काढणारे आणि पाहणारे एका बाजूला, काढले गेलेले दुसऱ्या बाजूला, अशी ती वाटणी होती.

ती वाटणी एकदा अवचित मोडली. १८६९ साली सर सय्यद अहमद खान विलायतेत होते. इंडिया ऑफिसमध्ये ते खंड त्यांच्या पाहण्यात आले. त्यांचा मुलगा सय्यद महमूद बरोबर होता. पुस्तक चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारले, ‘तुम्ही हिंदुस्थानी का?’ मुलाचा चेहरा लाल झाला. ‘होय’, असे म्हणून आपण मूळचे येथले नव्हे, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आले, अशी पुस्ती त्याने घाईघाईने जोडली. हाच महमूद पुढे अलाहाबादच्या हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. चित्रसंग्रहात आपल्यासारखी माणसे पाहून ज्याला क्षणभर आपली ओळखच झटकावीशी वाटली, त्याच्या जागी जामसांवलीच्या मुलीला बसवून पाहा. बरी होऊन, लग्न होऊन, एखाद्या शहरातल्या प्रदर्शनात ती नवऱ्याबरोबर गेली आणि समोर भिंतीवर तेच चित्र, खाली ‘भावसमाधी’ असे काहीतरी नाव आणि कोपऱ्यात बक्षिसाची फीत! तिने कोणती पुस्ती जोडावी?

वकिलाला येथे प्रथम कायदा आठवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा असे ठरविले आहे. ज्याचे काढले त्याचा त्या कायद्यात विचार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि माणूस चारचौघांत उभा राहिला म्हणजे त्याचे खाजगीपण संपते असे नाही, हेही त्या निकालात आले. पण तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागावयाचा. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे चोविसावे कलम अधिक जवळचे आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्या रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असे ते सांगते. म्हणजे हीच मुलगी नागपूरच्या मनोरुग्णालयात असती तर तिच्या चेहऱ्यावर कायद्याचे पांघरूण पडले असते. मारुतीच्या अंगणात तीच मुलगी, तोच आजार, आणि पांघरूण नाही. देवाच्या दारी आलेल्याला इस्पितळाच्या दारी गेलेल्याइतकेही संरक्षण असू नये, याची मला एक श्रद्धावान हिंदू म्हणून लाज वाटते. आणि संमती घ्यावयाची म्हटली तरी ती कोणाची? भारतीय न्याय संहितेच्या अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे, मनाच्या विकलतेमुळे ज्याला आपण कशास संमती देतो हेच कळत नाही, त्याची संमती ही संमतीच नव्हे. घुमणाऱ्या मुलीने मान हलविली तरी तो होकार ठरत नाही.

कायदा येथवर येऊन थांबतो. पण देवळाने हा प्रश्न पूर्वीच पाहिला आहे असे मला वाटते. आपल्या पुष्कळ देवळांत गाभाऱ्यापाशी ‘छायाचित्र काढण्यास मनाई आहे’ अशी पाटी असते. नव्या विचारांचे लोक तिला हसतात. देवाचे काय झिजते, असे ते म्हणतात. देवाचे काही झिजत नाही. पण दर्शन ही दोन्ही बाजूंनी घडणारी गोष्ट आहे. आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो, या भावनेनेच माणूस पायऱ्या चढून येतो. भिंगाच्या मागे उभा राहिलेला मनुष्य पाहतो, पण स्वतः पाहिला जाण्यास तयार नसतो. हा एकतर्फीपणा गाभाऱ्याला मानवत नाही, म्हणून ती पाटी. आता अंगणात घुमणाऱ्या त्या मुलीत कोणी तरी संचारले आहे असे भाविक मानतो. ते दैवत असो वा पिशाच, तेथे नित्याचे काही घडत नाही, ही त्याची श्रद्धा. जो ते मानत नाही, त्याच्या दृष्टीने ती एक आजारी मुलगी आहे. पहिले खरे मानले तर गाभाऱ्याची पाटी तेथेही लागू होते. दुसरे खरे मानले तर इस्पितळाचे कलम लागू व्हावे. चित्र काढण्यास मुभा मिळते ती फक्त तिसऱ्या एका माणसाला, ज्याला ती मुलगी म्हणजे कवडसे पडण्याची एक जागा वाटते. त्या दिवशीच्या बैठकीत आम्ही सगळे काही काळ तो तिसरा माणूस होतो.

दैवतापुढे अंगाला कष्ट देणाऱ्या प्रत्येकाचे चित्र काढणे गैर, असे मात्र मी म्हणणार नाही. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड व्रत पाळून, आपल्या इच्छेने, हजारो लोकांसमक्ष निखाऱ्यांवरून चालतात. तेथे चेहरा त्यांनी स्वतः चारचौघांपुढे आणलेला असतो. जामसांवलीला मुलगी आलेली नसते, आणलेली असते.

आमच्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण याहून कठीण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडे पोरे लाकडी नंदीबैल घेऊन दारोदार फिरत असतात त्या दिवशी, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात. एका काठावरून पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. शेवटी ते झाड चंडीमातेच्या देवळात जाते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा उपाय प्रशासनाने करून पाहिला, तो कोणी मानला नाही. येथे येणारा आपल्या इच्छेने येतो, तेव्हा संमतीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो काढणाऱ्याच्या मनाचा. गोटमारीचे एक चित्र आमच्याकडे आले होते: हात उगारलेला तरुण, दगड हातातून सुटलेला, समोरच्या काठावर माणसांची भिंत. त्यावर एकाचा अभिप्राय असा, ‘क्षण थोडा आधी पडला.’ तंत्राच्या दृष्टीने अभिप्राय बरोबर होता. पण थोड्या वेळाने काय झाले असते? दगड लागला असता. अभिप्राय देणारा मनुष्य मुंगीलाही न दुखवणारा. त्याने केवळ चौकटीचा विचार केला. तरी पुढच्या वर्षी तो छायाचित्रकार बोट कळीवर ठेवून नदीकाठी उभा राहील, तेव्हा हा अभिप्राय त्याच्या मनात असेल, आणि तो कशाची वाट पाहत असेल हे निराळे सांगावयास नको. दाद ही झालेल्या गोष्टीला दिलेली असते असे आपण समजतो, पण तिचे वजन पुढे करावयाच्या गोष्टीवर पडते. दरोडेखोराला रस्ता दाखविणारा स्वतः घरात शिरत नाही. कायदा त्यालाही मोकळा सोडत नाही. उपमा जड झाली हे मला कळते. पण माझ्या व्यवसायात ‘चिथावणी’ हा शब्द फार हलक्या हाताने वापरता येत नाही आणि येथे तो आल्याशिवाय राहात नाही.

वृत्तपत्राचा छायाचित्रकार निदान असे म्हणू शकतो की ते माझे काम होते. लोकांना कळावे म्हणून मी गेलो, संपादकाने पाठविले, चित्र छापून आले तेव्हा सरकारला जाग आली. हे खोटे नाही. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे एका दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण होरपळून मेले. ती बातमी वृत्तपत्रांनी देशभर नेली नसती तर सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली नसती. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची जी चित्रे काढली त्यांतील माणसे गटारात उतरलेली, घाणीने माखलेली आहेत. तरी ती पाहताना चोरून पाहिल्यासारखे वाटत नाही. त्या माणसांमध्ये ते वर्षानुवर्षे वावरले, त्यांच्या वस्त्यांत आणि घरांत गेले. त्यांना विचारले असते की ‘हा आता कसा आहे?’ तर त्यांच्यापाशी उत्तर असते. हौशी माणसाजवळ असे कोणते कारण आहे? त्याला कोणी पाठविलेले नाही. तो गेला, कारण त्याला हौस होती. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो ते खर्चाच्या बाबतीत. दुसऱ्याच्या दुःखाच्या बाबतीत हौस हे फार अपुरे कारण आहे. म्हणून मला वाटते, धंदेवाईकापेक्षा हौशी माणसावर याबाबतीत बंधन अधिक आहे, आणि हे माझे मत आमच्या बैठकीत फारसे कोणाला मान्य नाही.

मान्य नसण्याचे एक कारण मला पटते. अशा मंडळ्या परस्परांच्या उत्तेजनावर जगतात. नवख्याला पहिल्या चार चित्रांत कोणी बरे म्हटले नाही तर पाचवे चित्र तो आणीत नाही. तेथे कोणी नीतीचे प्रवचन सुरू केले तर सहा महिन्यांत प्रवचनकारच एकटा उरेल. त्या निवृत्त शिक्षकांचे मला कौतुक वाटते ते यासाठी की त्यांनी प्रवचन दिले नाही. पिंप चौकटीबाहेर ठेवा, या सूचनेच्याच सुरात त्यांनी विचारले. पुढे एका बैठकीत त्यांनीच तंत्राची भाषा वापरून सुचविले, ‘चेहरा सोडा, ओंजळ घ्या. तीर्थ घेताना बोटे थरथरतात बघा. शनिवारी सकाळी उजेड बाजूने येतो, सेकंदाच्या साठाव्या भागात ती थरथर दिसेल.’ सूचना अमलात आली आणि जे चित्र आले ते, माझ्या मते, पहिल्यापेक्षा सरस होते. परंतु यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की सभ्यपणाने वागल्यास चित्र नेहमी अधिक चांगले येते. बहुतेक वेळा ते येतच नाही. केस हवेत उडालेले ते चित्र ओंजळीत मावणारे नव्हते. त्याची बरोबरी करणारे दुसरे चित्र त्या गृहस्थांना पुन्हा मिळाले नाही, आणि त्यांना त्याची हळहळ आहे. ती हळहळ खोटी आहे असे मी म्हणू शकत नाही.

त्यांनी ते चित्र स्पर्धेला पाठविले नाही. एक मोठी प्रत करून लिफाफ्यात घातली आणि कित्येक शनिवार ते जामसांवलीला जाऊन त्या मुलीचा शोध घेत राहिले. ती भेटली नाही. एकदा मीही बरोबर होतो. पिंपळाच्या पारापाशी एक बाई आपल्या मुलीला पोटाशी धरून बसली होती; गृहस्थांच्या गळ्यातला कॅमेरा पाहून तिने मुलीच्या तोंडावर पदर ओढला आणि म्हणाली, ‘आता नोका काढू भाऊ. पोरगी बरी झाली का मंग काढजा.’ त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि गावाचे नाव विचारून घेतले. गाव लोधीखेड्याच्या बाजूचे आहे. आमच्याकडून मोटारीने तासाभराची वाट.